मुद्दल

कृष्णाकाठच्या एका गावात आजी आणि नातू राहत होते. दारात म्हैस, आठ-दहा कोंबड्या आणि थोडा ऊस. तोडणी झाली की गावभर पाचट पेटायचं. मातीच्या तोंडचा घास असा जाळलेला आजीला बघवत नसे. तिनं नातवाला गांडूळखताचा वाफा करायला लावला.

नातवानं चिंचेच्या सावलीत पाचट अंथरलं, वर शेण टाकलं. ताज्या शेणाच्या उष्णतेनं गांडुळं मरतात, म्हणून ते पंधरा-वीस दिवस निवू दिलं. मग किलोभर गांडुळं सोडली, वर ओलं गोणपाट घातलं. दोन महिन्यांत वरचा थर काळाभोर, रवाळ झाला. शेणाचा वास पार गेला.

खत काढताना चार गांडुळं कोंबड्यांपुढे पडली. त्या अशा तुटून पडल्या की नातू बघतच राहिला. गांडुळाच्या सुक्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. कोंबडीला याहून सकस काय हवं? तो रोज मूठभर घालू लागला. विकतचं खाद्य बंद झालं. मुठीची ओंजळ झाली, ओंजळीचं घमेलं. महिन्याभरानं गोणपाट उचललं तर खालचं शेण तसंच पडलेलं, आणि गांडूळ एकही हाताला लागेना.

"आजी, वाफा गेला गं. उरलंय ते खत विकून टाकतो."

आजीनं खत तळहातावर पसरलं. त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, पिवळसर दाणे होते. "हे बघ बाळा, ही गांडुळांची अंडी. एकेकातून दोन-तीन पिलं निघतील. व्याज खावं रे, मुद्दलाला हात लावू नये. आता हे विकू नकोस, नुसतं पाणी शिंपडत राहा."

तीन-चार आठवड्यांत दोऱ्याएवढी पांढुरकी पिलं वळवळू लागली. ती मोठी व्हायला आणखी दोन-अडीच महिने गेले. तोवर कोंबड्यांच्या खाद्याला पदरचे पैसे मोजावे लागले.

पुढच्या खेपेला नातवानं आधी चार दिवस पाणी तोडलं, मग उजेडात खताचे ढीग केले. गांडुळं उजेड चुकवत तळाला गेली. वरचं खत त्यानं चाळून उसाला घातलं, चाळणीत राहिलेली अंडी नव्या वाफ्यात सोडली. तळाची बहुतेक गांडुळंही तिथंच गेली. कोंबड्या घमेल्याभोवती घुटमळत होत्या. त्यांना वाढाव्यातली एक ओंजळ मिळाली.