दोन रेषांमधले सतरा फूट

गेल्या शतकाच्या मध्यावरचे माधवनगर पाहायचे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ एल/९ हा स्थलदर्शक नकाशा उघडावा. एका इंचात एक मैल. लागवडीची जमीन पिवळी, पाणी निळे, वस्ती लाल, उंचीच्या रेषा तपकिरी. खाली सांगली, शेजारी बुधगाव, मधून पुणे–मिरज लोहमार्ग. १९४९चा दक्षिण सातारा जिल्हा १९६०मध्ये सांगली झाला, तरी चढउतार आपल्या जागी राहिले.

जमीन कोणाची, हे गावनकाशा आणि सातबारा सांगतात. पाणी कुठे धावणार, हे उंचीच्या रेषा सांगतात. आपण भांडतो ते बांधावरून. ओढा मात्र कुणाचाच बांध मानत नाही. म्हणून मला हा जुना कागद आजही कामाचा वाटतो.

पण तो एकट्याने पुरत नाही. मोजणीदार पाऊस सरल्यावर शिवारात उतरत, त्यामुळे नकाशातली कृष्णा उघडिपीतली आहे. उंचीच्या दोन रेषांत ५० फुटांचे अंतर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. इशाऱ्यापासून महापुरापर्यंतचे ते सतरा फूट नकाशाच्या दोन रेषांमध्ये सहज मावतात. तेवढ्यातच हजारो संसार पाण्याखाली गेले.

दोन रेषांमधली ती रिकामी जागा गावाच्या आठवणीने भरते. आधी कोणाची मळी बुडते, कोणत्या ओढ्याला फुगवटा येतो, कोणती पाणंद बंद होते, २००५च्या पुरात पाणी कोणत्या पायरीला टेकले, हे नदीकाठच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाठ असते. या आठवणींची नोंद मात्र दप्तरात क्वचितच सापडते.

सरकार पंचवीस वर्षांतल्या पुरासाठी निळी आणि शंभर वर्षांतल्या पुरासाठी लाल पूररेषा आखते. त्या रेषांवर घरे, प्लॉट आणि पिढ्यांची कमाई ठरते. म्हणून नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने जुना स्थलदर्शक नकाशा टेबलावर पसरावा, त्यावरचा प्रत्येक ओढा आज जागेवर आहे का ते पाहावे आणि जाणत्यांकडून पुराच्या खुणा त्यावर लिहून घ्याव्यात. बुजवलेला ओढा पावसाळ्यात आपली वाट मागतोच. पंचनामा पूर ओसरल्यावर होतो. ही नोंद त्याच्या आधी झाली पाहिजे.