मठाकाश आणि गृहस्थाचा दिवाणखाना

पुण्याच्या जुन्या पेठांतील अरुंद दर्शनी बाजूच्या, आत खोलवर गेलेल्या घरांना दोन्ही अंगांनी शेजारघरे लागून असल्यामुळे उजेड पुढून, मागून किंवा मधल्या चौकातूनच येई. चौक झाकला गेला की मधली लांबट खोली दिवसाही काळोखी होते आणि कुटुंबाची बैठक न उरता केवळ ये-जा करण्याची वाट बनते. तिची पुनर्रचना वरवर सोयीची बाब वाटली, तरी तिच्या मुळाशी घरातील अवकाश कोणाचा, हा तात्त्विक प्रश्न आहे.

वेदान्ती आचार्य गौडपादांच्या कारिकेत घटाकाशाचा, म्हणजे घड्याने वेढलेल्या आकाशाचा दृष्टान्त येतो. मठाकाश, म्हणजे वास्तूने वेढलेले आकाश, ही वेदान्तातील संज्ञा त्याच जातीची आहे. भिंतींमुळे आकाश खंडित भासते, प्रत्यक्षात होत नाही. म्हणून खोलीतील पोकळीवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ८१ पदांच्या, म्हणजे चौकोनी घरांच्या, वास्तुमंडलात मधली ९ पदे ब्रह्मदेवाची आहेत, आणि ती भाराने दाबू नयेत हा संकेत याच जाणिवेशी जुळतो.

त्यामुळे वाट एका भिंतीलगत नेणे, मध्य मोकळा ठेवणे, भिंतींना पांढरा चुना देणे, छपरात काचेची कौले बसवणे आणि उजेडाची जागा वृद्धांच्या वाचनाला व मुलांच्या अभ्यासाला देणे, हा गृहस्थधर्मच ठरतो. कारण वाटून घेतलेला प्रकाश कोणाचाच कमी होत नाही.