पितळेतला श्वास

स्वस्थ बसा. श्वास आहे तसा चालू द्या. आत येतो, बाहेर जातो, तेवढंच पाहा.

आता मन कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावर न्या. लॅब्राडोर. मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी १७७१ मध्ये इथे नेन हे गाव वसवलं. पुढे ओकाक, होपडेल, हेब्रॉन. वस्ती इथल्या मूळनिवासी इनुइटांची. एकोणिसाव्या शतकात या गावांत ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन रुळले.

ईस्टरची पहाट आहे. वादक आधी वाद्याचं तोंड मुठीत धरून उबवतो, नाहीतर गारठलेला धातू ओठाला चिकटेल. नळीत साचलेली वाफ गोठली, तर झडपा अडतील. मग तो छाती भरून घेतो. क्षणभर त्याच्याबरोबर थांबा.

पितळ युरोपातून आलं, चालीही तिकडच्याच. श्वास मात्र त्याचा. इनुइट वादकांनी स्वरलिपी हाताने उतरवून घेतली, स्तोत्रं आपल्या इनुक्टिटूट भाषेत गायली, पुढच्या पिढीला शिकवली. मिशनरी कमी होत गेले, तसं हे संगीत त्यांनीच सांभाळलं. हे मनात मुरू द्या.

याच मिशनने त्यांचा ढोल आणि जुनी गाणी बंद पाडली. तेही मनात राहू द्या. एका सुराचा आनंद खरा, दुसऱ्या सुराचं मुकं होणंही खरं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

मिशनचं जहाज ‘हार्मनी’ आलं की स्वागताला बँड वाजायचा. १९१८ मध्ये त्याच जहाजातून इन्फ्लुएन्झा आला आणि त्याने घाला घातला तो छातीवरच. ओकाकमधली बहुतेक माणसं गेली, गाव उठलं. १९५९ मध्ये हेब्रॉन बंद करण्यात आलं. तिथली कुटुंबं दक्षिणेकडे पांगली. इथे घाई करू नका. पुन्हा श्वासाकडे या.

आज नेनमध्ये पितळी वाद्यं वाजतात, आणि ढोलही परतला आहे.

आता स्वतःला विचारा. बाहेरून आलेलं माझ्याकडे काय काय आहे? एखादी भाषा, एखादी प्रार्थना, एखादं कसब? त्यात मी माझा जीव ओतला आहे का? आणि ते घेताना माझ्या घरातलं काय गप्प झालं?

जे आपलंसं केलं, त्याबद्दल कृतज्ञ राहा. जे गप्प झालं, त्याची चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आजच करा. त्यांना आठवतंय, तोवरच ते परत आणता येईल.