विसार आणि शब्द

घराचा व्यवहार आणि सोयरीक यांत आपल्याकडे पुष्कळ साम्य आहे. दोहोंत मध्यस्थ असतो, चौकशा होतात, बैठक होते आणि शेवटी तोंड गोड केले जाते. कागद मागाहून व्हायचा असतो. शब्द आणि कागद यांच्यामधल्या या दिवसांत माणसाने मागे फिरावे काय? सोयरीक मोडली तर चार लोक नावे ठेवतात. घराचा व्यवहार मोडला तर ‘जमले नाही’ एवढ्यावर भागते. पण प्रश्न इतका हलका नाही.

येरवड्याचे उदाहरण घेऊ. समजा, तेथल्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत एका वृद्ध बाईंचे घर आहे. ते विकून त्यांना साताऱ्यास बहिणीजवळ जाऊन राहावयाचे आहे. गिऱ्हाईक येते, किंमत ठरते, ५१,००० रुपये विसार म्हणून हातावर ठेवले जातात. वकील ३० वर्षांचे दप्तर तपासतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. साठेखत पंधरा दिवसांवर येते. इकडे बाईंनी दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना परत पाठवले आहे, जड सामान विकून टाकले आहे. तेवढ्यात आपल्या गृहस्थांना पलीकडे कल्याणीनगरात दुसरे घर दिसते. त्याला गच्ची आहे. गृहस्थांचे मन फिरते.

कायद्याला विचारावे, तर तो सावधपणे बोलतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर हक्क निर्माण होत नाही. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात दिल्लीतल्या एका बंगल्याचा व्यवहार खरेदीदाराकडून मोडला होता. विसाराचे १,००० रुपये विकणाऱ्याने ठेवावेत, पण नंतर घेतलेले २४,००० रुपये नुकसान दाखवल्यावाचून ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नुकसान किती, हे न्यायालयाचे माप. ते रुपयांपुरते उत्तम आहे. परंतु सत्तरीच्या बाईंनी पुन्हा पहिल्यापासून गिऱ्हाईक शोधायचे, ते बळ कोणत्या रकान्यात मांडावे?

मग परंपरेकडे वळावे. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेल्या शब्दापायी राज्य सोडले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण महाभारताच्या कर्णपर्वात दुसरा सूर आहे. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि नेमके धर्मराजाच तसे बोलून बसतो. शस्त्र उपसलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण आवरतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने लपलेल्या लोकांचा माग दरोडेखोरांना सांगितला आणि तो नरकात गेला. शब्द पाळायचा तो कोणासाठी, हे विसरले की पाळण्याचेही पाप होते.

हा प्रश्न येरवड्यातही विचारता येतो. वकिलाच्या तपासात घरावर बोजा निघाला, जागेच्या हक्कात खोट सापडली, तर मागे फिरण्यात दोष नाही. मधले दिवस त्यासाठीच असतात. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, तरी कोणी समंजस माणूस बोट दाखवणार नाही. फ्रान्समध्ये प्राथमिक करारावर सही झाल्यावरही घर घेणाऱ्याला मन बदलण्यासाठी दहा दिवस कायद्यानेच दिलेले आहेत. गच्चीसाठी मन फिरणे मात्र याहून वेगळे. ते हलके आहे. पण मन ही वस्तूच फिरणारी आहे, आणि नको असलेल्या घरात आयुष्य काढा असे नीती कोणाला सांगत नाही.

खरा अपराध त्यापुढे घडतो. गृहस्थांचे मन सोमवारी फिरते आणि बाईंना ते कळते साठेखताच्या आदल्या दिवशी. मधले दिवस ते गप्प असतात, कारण कल्याणीनगरचे पक्के झालेले नसते. तिकडे फिसकटले तर इकडचे घर हाताशी असावे, एवढ्यासाठी बाईंचा विश्वास तारण ठेवला जातो. त्या विश्वासावर बाई रोज एक दोर कापीत असतात आणि गृहस्थ ते पाहत असतात. शब्द द्यावयाचा म्हणजे दुसऱ्याला आपल्या भरवशावर पाऊल टाकू द्यायचे. तो भरवसा आपल्या मनात संपला, की ते पाऊल थांबवणे हे पहिले कर्तव्य.

येथे विसाराची रक्कम माणसाला फसवते. ५१,००० सोडले की गृहस्थांना वाटते, हिशेब चुकता झाला. शब्दाला एकदा किंमत लागली की तो मोडणे ही खरेदीच होते, आणि खरेदी करणाऱ्याला लाज वाटत नाही. म्हणून पैसे सोडल्यावरही एक काम उरते. बाईंच्या दारी स्वतः जावे, मध्यस्थाला पाठवू नये. मन फिरले त्याच दिवशी जावे, आणि परत पाठवलेल्या त्या दोन गिऱ्हाइकांना पुन्हा निरोप धाडण्यास मदत करावी. बाई चार शब्द बोलतील. ते ऐकून घ्यावेत. विसारात ते धरलेले नव्हते.