लोकसंख्येच्या तराजूत रत्नागिरी

रत्नागिरी शहराच्या नावाने ओळखला जाणारा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या परिसीमनात, म्हणजे जनगणनेच्या आकड्यांनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या घटनात्मक प्रक्रियेत, संपुष्टात आला. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दापोली आणि गुहागर हे विधानसभा मतदारसंघ रायगडला जोडले, तर चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर हे कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी यांच्यासह रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात घातले. शेजारचा राजापूर लोकसभा मतदारसंघही याच आखणीत नाहीसा झाला आणि विधानसभेच्या यादीतून खेड व संगमेश्वर ही नावे गेली. राजापूरची आठवण बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यामुळे टिकून आहे. रत्नागिरीचा निवडणूक इतिहास मात्र, तितकाच अर्थपूर्ण असूनही, फारसा कोणी उलगडलेला नाही.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत अविभक्त जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी, असे दोन्ही ठिकाणी काँग्रेसचे उमेदवार निवडून आले. पाच वर्षांनी हे चित्र पूर्ण पालटले. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत राजापुरातून प्रजासमाजवादी नाथ पै विजयी झाले आणि रत्नागिरीतून भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आसर. १९५७ च्या लोकसभेत जनसंघाचे अवघे चार सदस्य होते; बलरामपूरहून आलेले अटलबिहारी वाजपेयी त्यांपैकी एक, आणि रत्नागिरीचे आसर दुसरे. हा जनसंघाच्या विचारसरणीचा विजय मानणे चुकीचे ठरेल, कारण समितीत समाजवादी, साम्यवादी आणि जनसंघीय एकत्र उभे होते आणि मतदाराने कौल दिला होता तो मुंबईसह मराठी राज्याच्या मागणीला. ज्या जिल्ह्यातील घराघरातला माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत राबत होता, त्या जिल्ह्याला मुंबई आपल्या राज्यात असणे हा भावनेइतकाच पोटाचाही प्रश्न होता.

राज्य मिळाल्यावर ही आघाडी विरघळली आणि १९६२ व १९६७ मध्ये रत्नागिरीने काँग्रेसच्या शारदा मुखर्जी यांना निवडून दिले, ज्या पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. १९७१ मध्ये निवडून आलेले शांताराम लक्ष्मण तथा श्यामराव पेजे यांचे महत्त्व वेगळे आहे. जिल्ह्यात संख्येने मोठा असूनही खोताच्या जमिनीत पिढ्यानपिढ्या कूळ म्हणून राबलेला कुणबी समाज त्यांच्या रूपाने दिल्लीत पोचला. खोत हा सरकारसाठी सारा वसूल करणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. ती पद्धत कायद्याने गेल्यानंतरही तिची सामाजिक उतरंड बराच काळ टिकून होती, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीचे वजन कळते.

पुढचा काळ या मतदाराचा स्वतंत्र बाणा दाखवणारा आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर निवडून आले, ते देशातील वाऱ्याला धरूनच. परंतु १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या तेव्हाही रत्नागिरीने परुळेकरांना आणि राजापूरने दंडवत्यांना कायम ठेवले. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसचे हुसेन दलवाई आले. १९८९ मध्ये देशात काँग्रेसची सत्ता गेली, तेव्हा रत्नागिरीने सावर्ड्याच्या सह्याद्री शिक्षण संस्थेचे गोविंदराव निकम यांना काँग्रेसच्याच चिन्हावर निवडले आणि १९९१ मध्ये ती निवड पुन्हा पक्की केली. जनसंघीय आसर, कुणबी नेते पेजे, मुस्लिम दलवाई आणि शिक्षणसंस्था उभारणारे निकम यांना एकाच मतदारसंघाने चार दशकांत निवडून द्यावे, ही गोष्ट कोकणी मतदाराच्या राजकीय समजुतीबद्दल बरेच काही सांगते. १९९६ पासून मात्र रत्नागिरीत अनंत गीते आणि राजापुरात सुरेश प्रभू हे शिवसेनेचे दोन उमेदवार सलग चार वेळा जिंकले. १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईतील कोकणी कामगाराचा आधार मोडला होता, शिवसेनेची शाखा त्याच्या वस्तीत होती, आणि गणपती-शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याबरोबर शहराचे राजकारणही गावात आले. प्रभू आणि त्यांच्यानंतर गीते असे दोघेही केंद्रात ऊर्जामंत्री झाले, आणि त्याच काळात गुहागर तालुक्यातील दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला.

अशा मतदारसंघाचा अंत एका भागाकाराने झाला. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या ९ कोटी ६८ लाख लोकसंख्येला ४८ जागांनी भागले, तर एका खासदारामागे सुमारे २० लाख लोक येतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजार आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजार, म्हणजे दोन्ही मिळून दोन जागांचा हिशेब बसत नव्हता. उलट ८१ लाखांच्या तत्कालीन ठाणे जिल्ह्याकडे दोनच जागा होत्या, त्या चार झाल्या. ठाण्याची बाजू खोटी नव्हती आणि मताचे मूल्य सर्वत्र समान असावे हे तत्त्व लोकशाहीत सोडून देता येत नाही. तरीही हे दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, याचा अर्थ इथला कर्ता पुरुष मुंबई, ठाणे, कल्याण, विरारकडे गेला होता आणि तिथल्या लोकसंख्येत मोजला जात होता. ज्या जिल्ह्याने आपली माणसे शहरांना दिली, त्याच जिल्ह्याचे प्रतिनिधित्वही त्या माणसांच्या मागोमाग शहरांकडे गेले. घर, देवस्थान आणि वाटणीचा सातबारा गावात असलेल्या चाकरमान्याचे मत मात्र, कायद्याने तो जिथे सामान्यतः राहतो तिथेच पडते.

याहून गंभीर विसंगती संविधानाच्या पातळीवर आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये म्हणून ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांचे वाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत १९७१ च्या जनगणनेवरच गोठवून ठेवले. राज्याच्या आतील सीमा मात्र ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ च्या आकड्यांवर आखल्या गेल्या. जो न्याय केरळ आणि तमिळनाडूला लागू झाला, तो महाराष्ट्रातील कोकणाला नाकारला गेला, आणि त्यामागे कोणतेही तात्त्विक कारण दिसत नाही. परिसीमन कायद्याने भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार करायला सांगितले आहे. तरीही चिपळूणच्या घाटमाथ्यापासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत, खाड्यांनी आणि डोंगरसोंडांनी तुटलेला प्रदेश एका खासदाराकडे देण्यात आला, आणि दापोलीचा मतदार आपल्या जिल्हा मुख्यालयापासून वेगळा होऊन अलिबाग-पेणच्या राजकारणाला बांधला गेला.

खासदार कमी झाल्याने काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. कोकण रेल्वेचा इतिहास त्याचे उत्तर देतो. नाथ पै यांनी संसदेत लावून धरलेली ही मागणी दंडवत्यांनी रेल्वेमंत्री म्हणून पुढे नेली, १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. विरळ वस्तीच्या प्रदेशाची मागणी प्रवाशांच्या संख्येवर मान्य होत नसते. ती सभागृहात सातत्याने मांडणारा आवाज लागतो.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या घटून १६ लाख १५ हजारांवर आली, तेव्हा पुढच्या भागाकारात कोकणाचा वाटा आणखी आकुंचन पावण्याची भीती रास्त आहे. मागील परिसीमन कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती घेण्याची आणि जाहीर सुनावणीची तरतूद होती. तशी सुनावणी पुन्हा होईल तेव्हा जिल्ह्यातील ग्रामपंचायती, नगर परिषदा आणि मुंबईतील कोकणी मंडळांनी एकत्र येऊन अंतर, दळणवळण आणि स्थलांतर यांचे पुरावे हाती ठेवले पाहिजेत, आणि ते गोळा करण्याचे काम अधिसूचना निघण्याच्या आधीच सुरू केले पाहिजे.