गाडी ढकलणार कोण?

बागकामासाठी हातगाडी घ्यायला गेलं की दुकानदार तीन प्रश्न विचारतो. वजन किती वाहायचं? चाक एक की दोन? टायर हवेचा की भरीव? गाडी ढकलणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला तो प्रश्न पडला. आमच्या कोकणातल्या वाडीसाठी गाडी निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि ती गाडी मी ढकलणार नव्हते. आंब्याच्या बुंध्याशी टाकायचं शेणखत, झाडांखालचा पातेरा, ढासळलेल्या गडग्याचे चिरे हे सगळं आजवर तीन काकींनी वाहिलंय. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. मी पुण्यात बसून फोनवर गाड्यांचे फोटो सरकवत होते. पैसे आमचे, निवड माझी, कंबर त्यांची. या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी असतात, तेव्हा साधी खरेदीसुद्धा नैतिक प्रश्न होऊन बसते असं मला वाटतं.

‘मजबूत’ हा शब्दच घ्या. जाहिरातीत लिहिलेलं असतं, क्षमता 100 किलो, 150 किलो. हे गाडी किती सोसते त्याचं माप झालं. माणसाच्या हातावर त्यातलं किती येतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. खरं तर ते काढायला शाळेतली तरफ पुरते. एकचाकी गाडीत चाक पुढे, दांडे मागे आणि ओझं मधे. चाकाच्या आसापासून मुठीपर्यंत 120 सेंटिमीटर अंतर आहे आणि 60 किलो खत आसापासून 40 सेंटिमीटरवर आहे असं धरा. हातावर 20 किलो येतात. तेच खत 10 सेंटिमीटर पुढे सरकवलं की 15. म्हणजे घमेल्याचा आकार कसा आहे आणि चाक कुठे बसवलंय, यावर काकींच्या खांद्यांचं भवितव्य ठरतं.

याचा इतिहासही गमतीचा आहे. चीनमध्ये एकचाकी गाडी इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून आहे. तिथल्या पारंपरिक गाडीत मोठं चाक मधोमध असतं आणि ओझं चाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा वर. वजन जवळजवळ सगळं चाकावर; माणसाने फक्त तोल सांभाळायचा आणि ढकलायचं. युरोपात ही गाडी 12व्या-13व्या शतकापासून दिसते, पण चाक पुढच्या टोकाला. भरणं-ओतणं सोपं, अरुंद जागेत वळवणं सोपं, मात्र ओझ्याचा मोठा हिस्सा हातांवर. आज आपल्या बांधकामांवर दिसते ती हीच. दोन्ही गाड्या मजबूत आहेत. फरक इतकाच, की वजन कुणी उचलायचं याचं उत्तर प्रत्येकीने वेगळं दिलंय.

दोन चाकांच्या गाडीत ओझं आसावर नीट बसलं तर हातावर फार कमी येतं आणि गाडी बाजूला कलंडत नाही. पण कोकणात सपाट जमीन कुठली? दर दहा फुटांना एक फूट चढ असेल, तर गाडीसकट 75 किलोंसाठी साडेसात किलोंचा जोर नुसती घसरण थोपवायलाच लागतो. उतारावर हीच गाडी माणसाला ओढत नेते आणि तिला ब्रेक नसतो. भरीव टायर काट्याने पंक्चर होत नाही, पण दगडाचा प्रत्येक धक्का मनगटात पोचवतो. हवेचा रुंद टायर चिखलात कमी रुततो. त्याला पंप लागतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकींना विचारलं, “तुम्हाला कशी हवी?”

थोरल्या काकी हसल्या. “पाखाडीवरून तुझी गाडी काय उडत जाणार गो?”

विहिरीकडून वरच्या बागेत जायला चिऱ्यांच्या पायऱ्याच आहेत. तिथे घमेलंच चालणार. दुसऱ्या काकींनी आपल्या कमरेखाली हात नेऊन दाखवला, “दांडा इथे यायला हवा.” माझ्या लक्षात आलं, गाडीच्या माहितीत दांड्याची उंची असते, पण कुणाच्या उंचीचा माणूस धरून ती ठरवली ते नसतं. दांडे उंच असले, की बुटक्या बाईला गाडीचे मागचे पाय जमिनीवरून सुटावेत म्हणून कोपरं वाकवून उचलावं लागतं. दिवसभर.

तिसऱ्या काकी जरा थांबून म्हणाल्या, “गाडी आली की किती जणी लागतील?”

माझ्याकडे टायरचं उत्तर होतं, याचं नव्हतं.

घरी याचं उत्तर आधीच ठरलं होतं. बाबा म्हणाले, “गाडी आली की दोघी पुरतील.” हिशोबात चूक नाही. आणि गाडीच नको म्हणणाऱ्यांचा युक्तिवादही तयार असतो, “त्यांना सवय आहे.” डोक्यावर ओझं वाहणं हे कौशल्य आहेच. 1986 साली ‘नेचर’मध्ये केनियातल्या स्त्रियांवरचा अभ्यास आला होता. त्या आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन जास्तीची ऊर्जा न खर्चता चालत होत्या. पण 50 किलोच्या बाईसाठी 20 टक्के म्हणजे 10 किलो. ओल्या शेणखताचं भरलेलं घमेलं त्याच्या वर सहज जातं. शिवाय सवय हे शरीराने काढलेलं उत्तर असतं. दुसरा पर्याय समोर असताना केलेली ती निवड नसते.

कायद्याने यात हात घातलाच नाही असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये असं कलम होतं. महाराष्ट्राचा माथाडी कायदा 1969 चा. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. पण आमची वाडी कारखाना नाही आणि काकी कुठल्या मंडळात नोंदलेल्या नाहीत. गडग्याच्या आत काय न्याय्य, ते ठरवायला आम्हीच उरतो.

म्हणून मला वाटतं, गाडी निवडण्याचा खरा प्रश्न चाकाचा नाहीच. गाडीमुळे कष्ट वाचतात हे नक्की. वाचलेले कष्ट कुणाच्या खात्यात जमा होतात, हा प्रश्न आहे. मजुरी फेऱ्यांवर असेल किंवा माणसं कमी केली, तर ते मालकाच्या खात्यात जातात आणि उरलेल्या दोघी तितक्याच दमतात. आणखी एक भीती आहे. आपल्याकडे डोक्यावरचं ओझं बाईचं, पण तेच ओझं बैलगाडीत चढलं की कासरा पुरुषाच्या हाती जातो. हातगाडी आली की ‘गडी बघू एखादा’ म्हणायला वेळ लागत नाही.

आम्ही दोन चाकांची, हवेच्या रुंद टायरची गाडी घेतली. दांडे गावातल्या वेल्डरकडून कापून, काकींच्या हाताच्या उंचीला जोडून घेतले. पाखाडीसाठी घमेली ठेवली, पण लहान. तिघी येतात, रोज तोच, आणि काम लवकर उरकलं तर त्या लवकर घरी जातात. बाबांना हे अजून पटलेलं नाही. “मग गाडीचा आपल्याला फायदा काय?” असं ते विचारतात. त्यांचा प्रश्न मी उडवून लावत नाही. आमचं पोट वाडीवर नाही, म्हणून हे आम्हाला परवडतं. कर्ज काढून बाग करणाऱ्याला तिसरा रोज जड जाईल, आणि त्याला नीतीचे धडे द्यायचा अधिकार मला नाही.

पण ज्याला परवडतं त्याने तरी खरेदीच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. जो ढकलणार आहे त्याला दांडा धरून बघू द्यावा. आणि गाडी आल्यावर त्याचा रोज राहणार की जाणार, हे त्याने विचारायच्या आधीच सांगावं.