शिकण्याची फी

बडोदे शहराला समुद्र नाही. बडोदे संस्थानाला मात्र होता. द्वारका, ओखा, बेट हा सगळा ओखामंडळाचा मुलूख गायकवाडांचा. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी शास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्रजीवांची पाहणी करवून घेतली आणि तिचे अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत निघाले. महाराजांनी समुद्र पाहायला शास्त्रज्ञ धाडला. मी निवृत्तीनंतर, सहावीतल्या नातीच्या हट्टापायी, समुद्रच दांडिया बाजारातल्या घरी आणायला निघालो.

टाकी घेतली साठ लिटरची. लहान टाकी म्हणजे सोपे काम, असा माझा समज. खरे तर उलटेच आहे: मोठ्या पाण्यात चूक विरून जाते, लहान पाण्यात ती साठते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने दोन किलोंवर मीठ लागले. ते स्वयंपाकाचे नव्हे, तर समुद्राचे सारे क्षार असलेले. पाणी उडते आणि मीठ मागे उरते, म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरून काढायची. दुकानदार म्हणाला, "काका, रोज मीठुं पाणी नाखजो." पुण्याचा माणूस असता तर त्याने बिचाऱ्याने खुशाल मिठाचे पाणी ओतले असते! दोन भाषांत जन्म काढल्याचा फायदा म्हणायचा.

पण खरी गोष्ट पाण्याच्या मुरण्याची. मुरांबा मुरतो तशी टाकी मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे त्याचे बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही डोळ्यांना न दिसणारी वस्ती दगडांवर आणि वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाहण्यासारखे काही नसते. शेजारी विचारतात, "काका, माछली क्यां?"

हे सगळे मी वाचले होते, वहीत उतरवूनही ठेवले होते. तरी दहाव्या दिवशी केशरी रंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे घरी आले. नातीची शाळा उघडायच्या आत तिला ते दाखवायचे होते, एवढेच कारण. चौथ्या दिवशी एक मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. परीक्षानळीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. संध्याकाळपर्यंत तो मासा गेला. दुसऱ्यासाठी पुढचे दोन आठवडे मी रोज थोडे थोडे पाणी बदलत राहिलो, तो वाचला.

दुकानदार भला माणूस. त्याने समजूत घातली, "काका, ए तो शीखवानी फी." घरी येऊन मी तेच वाक्य नातीला मराठीत ऐकवले. ती म्हणाली, "पण आजोबा, शिकत होतात तुम्ही. फी त्याने का भरली?"

या प्रश्नाला मी बरीच उत्तरे शोधली. शिकाऊ माणसाची किंमत नेहमी दुसराच मोजतो, असे प्रथम मनाला पटवले. नवा डॉक्टर कोणाच्या तरी दंडावरच सुई टोचायला शिकतो. पहिले मूल आईबापांच्या अडाणीपणातच वाढते. माझ्या थोरल्याला विचारा. पण हे उत्तर टिकेना. आजाऱ्याला डॉक्टर हवा असतो, मुलाला आईबाप हवे असतात. शिकाऊ का होईना, कोणीतरी असणे हे कोणी नसण्यापेक्षा बरे असते. त्या माशाला माझी काय गरज होती? माझे शिकणे हे त्याच्या कोणत्याच दुःखावरचे औषध नव्हते. मी नसतो तर त्याचे काही बिघडले नसते.

मग वाटले, मासा निदान पैदास केंद्रातला घ्यावा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचे तंत्र बसवले आहे. अशा माशाने समुद्र पाहिलेलाच नसतो, म्हणजे समुद्रातून ओढून आणल्याचा दोष तेवढा टळतो. उतावळेपणाचा दोष मात्र टळत नाही. अमोनिया जन्मस्थान विचारत नाही.

प्रवाळाचा मोह निराळा. बोटाएवढा जिवंत तुकडा मिळवून देतो, असे एकाने हळूच सुचवले होते. प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण. नाही म्हणालो. खरे सांगतो, तेव्हा आधी कायद्याची भीती वाटली. विवेक मागाहून आला.

त्याच हिवाळ्यात नातीला घेऊन जामनगरकडे, नराऱ्याला गेलो. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे, देशातले पहिले. ओहोटीला पाणी मागे सरते आणि वाटाड्यामागून, जपून पाऊल टाकत, घोटाभर पाण्यातून चालता येते. मेंदूसारख्या वळ्यांचे प्रवाळ आम्ही वाकून पाहिले. ते दगड नव्हेत, प्राणी आहेत, आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवते, हे नातीला सांगितले. पाणी नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी जास्त काळ तापले तरी हे शैवाल त्यांना सोडून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. आमच्या बडोद्यातला मे महिना मला आठवला. त्या तुकड्याचे माझ्या टाकीत काय झाले असते, ते हिशेब न करताच कळले.

नातीने परतताना विचारले, "मग आपला मासा इथे सोडू या?" तेही जमण्यासारखे नाही. टाकीतला जीव उद्यानात सोडणे म्हणजे त्याच्याबरोबर रोगराई सोडणे. एकदा घरी आणले की परतीची वाट बंद होते, हे आणण्यापूर्वी कोणी बोलत नाही.

हा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहूनही अधिक जगतो, असे कळले आहे. मी एकाहत्तरचा. हिला काळजी आहे ती माझ्या गुडघ्यांची, मला या माशाची. टाकीत आता तो एकटाच आहे. नातीला जोडीदार हवा आहे. मी हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. तिच्याकडे वही दिली आहे. रविवारी ती नळीत थेंब टाकते, पाच मिनिटे थांबते आणि रंग पाहून आकडा लिहिते, तारीख मराठीत आणि आकडे गुजरातीत. गेल्या रविवारी वाढदिवसाला जायची घाई होती. तिने तीनच मिनिटांत नळी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि परत ठेवली.